बाबांच्या विसरण्यावर हळदीचा अर्क द्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. बाबा ७१ वर्षांचे, तासगावचे निवृत्त शिक्षक. आठ महिन्यांपासून एकच गोष्ट तीन-तीनदा विचारतात, आणि मागच्या महिन्यात मंडईतून घरी येताना वाट चुकले. ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ करणारी अ‍ॅसिनोकुमेरॉलची गोळी चालू आहे. मधुमेहासाठी दहा वर्षांपासून मेटफॉर्मिन, आणि झोप लागत नाही म्हणून अधूनमधून एक गोळी. अमेरिकेतल्या बहिणीने कुरकुमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य द्रव्याच्या, कॅप्सूल पाठवल्या आहेत. बाटलीवर ‘५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के कुरकुमिनॉइड्स, मिरीच्या अर्कासह’ असं लिहिलं आहे. नात्यातलं कुणी केशराचं दूधही सुचवतंय. तुम्ही विचारता, सुरू करू का? आणि नको म्हटलं तर बहिणीला कसं सांगू?

बाटली आत्ता उघडू नका. का, ते सविस्तर सांगते, कारण नुसतं ‘नको’ म्हणून तुमचं समाधान होणार नाही.

मी मिरजेत बावीस वर्षं वृद्धांवर उपचार करते आणि त्यातले निम्मे तरी विस्मरणाची तक्रार घेऊन येतात. हा हळदीचा मुलूख. शेजारी सांगलीत हळदीचे सौदे चालतात, हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली गेली. त्यामुळे हळदीवर माझ्या रुग्णांचा जो विश्वास आहे तो मला परका नाही. माझ्याही घरात हळकुंडं आणून, निवडून, गिरणीतून दळून आणतात. म्हणून पुढचं सगळं हळदीविरुद्ध बोलते आहे असं समजू नका.

खरा प्रश्न हळदीचा नाहीच. बाबा का विसरतात, हे अजून कुणी शोधलेलं नाही. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा रिकामा कोपरा आहे आणि बाटली त्यावर झाकण ठेवते. चार महिने कॅप्सूल देऊन वाट बघायची असं घरात ठरतं आणि ते चार महिने परत मिळत नाहीत.

एका आजोबांबद्दल सांगते. तेही रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर होते. घरच्यांनी सांगितलं, तीन आठवड्यांपासून गोंधळल्यासारखे करतात, नावं चुकतात, दिवसा झोपतात. घरात हळदीचं दूध आणि कुठला तरी अर्क सुरू केलेला. मी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं. हे मी सगळ्यांनाच सांगते: कोऱ्या कागदावर गोल, त्यात आकडे, आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. त्यांनी गोल नीट काढला, बारा ते सहा आकडे नीट लिहिले आणि डावी अर्धी बाजू मोकळी सोडून कागद माझ्याकडे सरकवला. चेहऱ्यावर काम पूर्ण केल्याचं समाधान. मी विचारलं, पडला होतात का? ते नाही म्हणाले. सुनेला आठवलं, महिन्यापूर्वी न्हाणीघराच्या चौकटीला डोकं लागलं होतं, टेंगूळसुद्धा आलं नव्हतं. त्याच दुपारी सीटी स्कॅन केला, तर कवटी आणि मेंदूच्या मध्ये जुन्या रक्ताचा थर साचलेला. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी ते परत आले तेव्हा घड्याळ पुरं होतं.

तुमच्या बाबांना असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. आठ महिन्यांचा हळूहळू वाढलेला त्रास आणि तीन आठवड्यांचा गोंधळ यांत फरक आहे. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या वृद्ध माणसात विस्मरण अचानक वाढलं, चाल बिघडली, डोकं दुखायला लागलं किंवा पडण्याचा साधा इतिहास असला, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे पक्कं लक्षात ठेवा.

बाकी कारणं संथ असतात, पण शोधली तर सापडतात. पहिलं, बी-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होतं. त्यात माणूस शाकाहारी असला आणि पित्तासाठी रोज पँटोप्रॅझोल घेत असला तर आणखी कमी. दुसरं, थायरॉइड. तिसरं, झोपेची गोळी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांनी म्हाताऱ्या माणसाची आठवण आणि तोल दोन्ही बिघडतात. चौथं, सर्दीच्या आणि लघवीच्या काही गोळ्या. क्लोरफेनिरामिन, ऑक्सिब्युटिनिन, शिवाय झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन. आठवण साठवायला मेंदू जे अ‍ॅसिटिलकोलिन वापरतो, त्याचंच काम ही औषधं अडवतात. पाचवं, नैराश्य, निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर येणारं नैराश्य हुबेहूब विस्मरणासारखं दिसतं. सहावं, ऐकू कमी येणं. जे नीट ऐकूच आलं नाही ते आठवणार कुठून?

म्हणून पहिल्या भेटीला मी सांगते, घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा. पिशवी टेबलावर रिकामी केली की पत्त्यांसारखी पाकिटं पसरतात. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी दिलेली एकच गोळी, चार वर्षांपूर्वी बंद करायला सांगितलेली पण चालूच असलेली एक, शेजारणीने दिलेली एक, आणि हल्ली हमखास एखादी ‘हर्बल’ बाटली. ती बाटली पिशवीत नसते. ‘आणखी काही?’ असं मी दोनदा विचारलं की मग पर्समधून निघते, कारण तिला कुणी औषध समजतच नाही.

आता त्या बाटलीकडे वळू.

स्वयंपाकघरातली हळद आणि बाटलीतला अर्क यांचं नाव एक आहे, पण प्रमाण पूर्ण वेगळं आहे. साध्या हळदीत कुरकुमिन साधारण २ ते ५ टक्के असतं. ३ टक्के धरा. दिवसभरात भाजी-आमटीतून अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास हळद पोटात गेली तर कुरकुमिन झालं ४५ मिलिग्रॅम. तुमच्या बाटलीतल्या एका कॅप्सूलमध्ये ते ४७५ मिलिग्रॅम आहे. तेवढं मिळवायला साधारण १६ ग्रॅम हळद लागेल, म्हणजे पाच चमचे. दिवसाला दोन कॅप्सूल म्हणजे दहा चमचे. आपल्या आज्यांनी आयुष्यभर हळद खाल्ली आणि त्यांना काही झालं नाही, हे खरंच आहे. पण दहा चमचे रोज कुठल्याच आजीने खाल्ले नव्हते. तो अनुभव या बाटलीला लागू होत नाही.

दुसरी अडचण अशी की कुरकुमिन रक्तात पोहोचतच नाही. आतड्यात आणि यकृतात त्याला एक शर्करेचं आम्ल चिकटवलं जातं आणि शरीर ते बाहेर टाकतं. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कुरकुमिन दिलं, तेव्हा रक्तात ते जेमतेम सापडलं. सोबत मिरीतलं पाइपरिन फक्त २० मिलिग्रॅम दिलं आणि रक्तात पोहोचणारं प्रमाण वीस पट झालं. तेव्हापासून बहुतेक बाटल्यांवर मिरीचा अर्क दिसतो.

हे काम पाइपरिन कसं करतं, ते समजून घ्या, कारण तुमच्या बाबांच्या बाबतीत सगळं इथेच अडतं. शरीराचं हे बाहेर टाकण्याचं यंत्र पाइपरिन मंदावतं. ते यंत्र फक्त कुरकुमिनसाठी नाही. कितीतरी औषधं त्याच वाटेने बाहेर जातात. फिट्सची फेनिटॉइन, रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल, दम्याची थिओफिलिन यांची रक्तातली पातळी पाइपरिनमुळे वाढते, हे माणसांवर तपासलेलं आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा तर डोसच इतका नाजूक असतो की महिन्या-महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासून तो २ ते ३ च्या मध्ये ठेवावा लागतो. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. वॉरफरिनवर आयएनआर स्थिर होता, हळदीचं उत्पादन सुरू केल्यावर तो १० च्या वर गेला. अ‍ॅसिनोकुमेरॉल हे वॉरफरिनचं सख्खं भावंड. एवढ्या आयएनआरला नाकातून, लघवीतून आणि मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. स्मरणासाठी दिलेली कॅप्सूल मेंदूत रक्तस्राव घडवू शकते, हा धोका मी कुणाच्याही वडिलांच्या बाबतीत पत्करणार नाही.

कुणी म्हणेल, मिरी काढून टाकलेली कॅप्सूल घेऊ. मग ती अंगी लागत नाही, किंवा कंपनीने ती अंगी लागावी म्हणून दुसरी युक्ती केलेली असते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीशी तिचं काय होईल हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. बाबांना ती गोळी नसती तर माझं उत्तर थोडं मवाळ असतं, हे मान्य करते. तरीही यकृताची गोष्ट उरतेच. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने हळदीच्या पूरक उत्पादनांमुळे झालेल्या अशा दहा रुग्णांचा तपशील दिला. दहापैकी पाच जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं आणि एकाचा मृत्यू झाला. बऱ्याच जणांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली, म्हणजे हा धोका सगळ्यांना सारखा नाही. पण आपल्यात ती खूण आहे की नाही, हे कॅप्सूल घेणाऱ्याला आधी माहीत नसतं. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनीही २०२३ मध्ये यासाठी सावधगिरीची सूचना काढली. कॅप्सूल घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर ती तिथेच थांबवायची.

एवढा धोका पत्करून फायदा किती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

कुरकुमिन आणि स्मरण यावर सगळ्यात जास्त दाखवला जाणारा अभ्यास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा, २०१८ चा. ५१ ते ८४ वयोगटातली, डिमेन्शिया (अल्झायमरसारख्या आजारांनी होणारं विस्मरण) नसलेली ४० माणसं. निम्म्यांना सहज शोषलं जाणारं खास बनवलेलं कुरकुमिन ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. दीड वर्षाने कुरकुमिन घेणाऱ्यांची आठवण सुधारली. हा निकाल मला आवडतो, मी तो नाकारत नाही. पण माणसं चाळीस, आणि त्यांना आजार नव्हता. ज्यांना अल्झायमर झालेलाच होता त्यांच्यावरचे अभ्यास बघा. २००८ मध्ये हाँगकाँगला ३४ रुग्ण, दिवसाला १ किंवा ४ ग्रॅम, सहा महिने. फरक नाही. (तिथे औषध नसलेली कॅप्सूल घेणारेही सहा महिन्यांत फारसे खालावले नाहीत, त्यामुळे तो अभ्यास निर्णायक म्हणता येत नाही.) २०१२ मध्ये अमेरिकेत ३६ रुग्ण, २४ आठवडे. तिथेही फरक नाही, आणि रक्तात कुरकुमिनही अगदी नगण्य. ऑस्ट्रेलियात निरोगी वृद्धांना वर्षभर रोज दीड ग्रॅम दिलं, वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच.

मग ‘भारतात हळद खातात म्हणून अल्झायमर कमी’ हे कुठून आलं? हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत भारत आणि अमेरिकेच्या डॉक्टरांनी मिळून अभ्यास केला होता, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे अल्झायमरचं प्रमाण खरोखरच फार कमी दिसलं. पण त्या अभ्यासात कुणी किती हळद खाल्ली हे मोजलंच नव्हतं. हळदीचं नाव नंतर जोडलं गेलं. आणि २०२३ मध्ये देशभराचा अंदाज आला तो असा: साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. यातल्या बहुतेक घरांत रोज फोडणीत हळद पडतेच आहे.

केशराबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तेहरानमध्ये २०१० साली सौम्य ते मध्यम अल्झायमरच्या ४६ रुग्णांना १६ आठवडे रोज ३० मिलिग्रॅम केशराचा अर्क दिला, ते दुसऱ्या गटापेक्षा बरे राहिले. दुसऱ्या एका अभ्यासात ५४ रुग्णांवर २२ आठवडे केशराची तुलना डोनेपेझिल या नेहमीच्या औषधाशी केली. परिणाम जवळपास सारखा, आणि उलट्यांचा त्रास केशराच्या बाजूला कमी. मसाल्यांच्या अर्कांमध्ये मला सगळ्यात आशादायक वाटतं ते हेच. अभ्यास छोटे आहेत, काही महिन्यांचेच आहेत, आणि बहुतेक एकाच देशातून आले आहेत. मोठ्या संख्येवर, निरनिराळ्या देशांत ते पुन्हा व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं. पण दुधात टाकलेल्या चार काड्या म्हणजे तो अर्क नव्हे. शिवाय एक किलो केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात, त्यामुळे भेसळ जोरात चालते. रंगवलेल्या करडईच्या पाकळ्या केशर म्हणून विकल्या जातात. बाबांना सणावाराला केशरी दूध द्या, त्यांना आवडत असेल तर जरूर द्या. त्यांच्या गोळीसोबत केशराचा अर्क मात्र नको.

दालचिनी आणि जायफळाबद्दलही लोक विचारतात, थोडक्यात सांगते. बाजारातली जाड सालीची दालचिनी बहुधा कॅसिया असते. तिच्यात कुमॅरिन नावाचं द्रव्य असतं, ते जास्त झालं तर यकृताला झेपत नाही. मसाल्यात चालते, चमचा-चमचा पूड रोज नको. जायफळ झोपेसाठी जरासं उगाळून देतात ते ठीक, पण माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. ‘थोड्याने झोप येत नाही’ म्हणून त्यांनी दोन चमचे पूड दुधातून घेतली होती. तोंडाला कोरड, छातीत धडधड, आणि रात्रभर घरात नसलेल्या माणसांशी बोलत होत्या. घरच्यांना वाटलं वेड लागलं. दीड दिवसात उतरलं.

वनस्पतींवर माझा राग नाही, उलट आहे. विस्मरणासाठी मी जी गॅलँटामिन लिहून देते ती स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडात पहिल्यांदा सापडली. रिव्हास्टिग्मिनचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या एका विषारी शेंगेच्या बीमध्ये आहे. त्या वनस्पतींतला नेमका रेणू वेगळा काढला, मोजला, किती द्यायचा, कुणाला द्यायचा नाही हे ठरवलं, हजारो रुग्णांवर तपासलं, आणि मग ती औषधं झाली. तुमच्या बाटलीच्या मागे एवढा प्रवास झालेला नाही. ती अन्न म्हणून विकली जाते, म्हणून गुण येतो हे सिद्ध करण्याचं बंधन तिच्यावर नाही.

हळद घ्यायचीच आहे, तर एक गोष्ट मात्र जरूर करा, ती थेट मेंदूशी निगडित आहे. बांगलादेशात हळद अधिक पिवळी दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग लावत, असं २०१९ मध्ये उघड झालं. तिथल्या सरकारने कारवाई केली आणि दोन वर्षांत ते बाजारातून जवळपास नाहीसं झालं. पण आपल्याकडेही पूर्वेकडच्या काही शहरांतल्या नमुन्यांत शिसं सापडलं आहे. शिसं मेंदूला घातकच, लहान मुलांच्या तर फारच. डोळ्यांत भरणारी चकचकीत पिवळी हळकुंडं आणि सुटी पूड टाळा. ओळखीच्या दुकानातून साधी हळकुंडं घ्या, एक फोडून बघा, बाहेरून भडक आणि आत फिकी असेल तर परत करा. चांगली निघाली की दळून आणा.

तुम्ही पुण्यात, बाबा तासगावात, म्हणून पुढच्या फेरीत काय करायचं ते क्रमाने लिहिते. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घ्या, ही बाटलीसुद्धा. त्यांच्या डॉक्टरांकडे बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर आणि आयएनआर तपासून घ्या. झोपेची गोळी हळूहळू कशी कमी करता येईल ते विचारा, एकदम बंद करू नका. कान तपासा, आधी नुसता मळ आहे का तेही. डोक्याला मार लागला होता का, हे फक्त बाबांना विचारू नका, घरात राहणाऱ्या सगळ्यांना विचारा. मेंदूचा स्कॅन लागेल का, ते डॉक्टर तपासून ठरवतील. वाट चुकले आहेत म्हटल्यावर मी तरी सांगितला असता. आणि आजपासून त्यांच्या खिशात नाव, फोन नंबर आणि ‘रक्त पातळ करणारी गोळी चालू’ असं लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

राहिली बहीण. तिला ‘तुझी बाटली नको’ असं कळवू नका. सात समुद्रांपलीकडे बसून बापाचं विसरणं ऐकणाऱ्या लेकीला काहीतरी हाताने करायचं असतं, म्हणून ती बाटली आली आहे. तिला आयएनआरची गोष्ट जशीच्या तशी सांगा, तिला पटेल. आणि दुसरं काम द्या. कान तपासून यंत्र लागणार असेल तर त्याचा खर्च तिला उचलू द्या. रोज ठरलेल्या वेळी, तिच्या सकाळी आणि बाबांच्या संध्याकाळी, तिने व्हिडिओ कॉल करावा आणि बाबांकडून काहीतरी शिकावं. ते शिक्षक होते. कुठला विषय शिकवायचे ते तुम्ही लिहिलं नाही, पण तिला तो नक्की माहीत असेल.